रांगेतली किक

कूपरला भित्रा म्हटलं गेलं ते आमच्या प्रयोगशाळेत, सगळ्या संघासमोर आणि मी काढलेल्या आकड्यांच्या जोरावर. म्हणून माझं डोकं फिरलं. एरवी त्या खेळाशी माझं काय देणंघेणं?

मी तेजश्री. माणूस चालतो, पळतो, उडी मारतो तेव्हा त्याचे सांधे नेमकं काय करतात हे मोजायचं काम मी जपानमधल्या त्सुकुबातल्या एका क्रीडाविज्ञान संस्थेत करते. पुण्याहून आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. लक्ष्मीकांतचं आयटीतलं कंत्राट होतं. इथे येऊन मी पीएचडी केली, नोकरी पकडली, आणि आता कंत्राट संपल्यावर काय करायचं हा प्रश्न त्याला पडलाय, मला नाही.

जानेवारीत किंग्सबे नावाचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा व्यावसायिक संघ आमच्याकडे आला. त्यांचा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल. चेंडू हातातून सोडायचा आणि जमिनीला टेकायच्या आत किक मारायची. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून गेला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. किंग्सबेची पोरं पळण्यात कुणाला ऐकत नव्हती, पण किक मारायची वेळ आली की चेंडू भलतीकडे. गेला अख्खा हंगाम त्यांनी कडेच्या फटीत घालवला होता. त्यात सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या कूपरने, कारण गोल करायचं काम त्याचं.

मोरियामा-सेन्सेइ, म्हणजे मोरियामा सर, आमचे विभागप्रमुख. त्यांनी जमिनीवर टेपच्या खुणा केल्या, कुणी कुठे उभं राहायचं ते ठरवलं. खेळाडूंच्या अंगावर ठिपके चिकटवले, कॅमेरे लावले, आणि एकेकाने पुढे येऊन किक मारली. चेंडू परत आणायचा, ठिपके तपासायचे, मग पुढचा. आकडे आले ते सुरेख. सगळ्यांचे चांगले आणि कूपरचे सगळ्यांहून चांगले.

"तांत्रिक दोष आढळला नाही," सेन्सेइंनी मान लववून सांगितलं.

डॅरन, किंग्सबेचा प्रशिक्षक, पन्नाशीतला तापट माणूस. तो कूपरकडे वळला. "म्हणजे पाय ठीक आहेत. बिघाड वरच्या मजल्यावर आहे. तू भित्रा आहेस, कूपर. शनिवारच्या सामन्यात शेवटची संधी देतो. चुकलास तर करार संपला."

साडेसहा फुटांचा तो गडी बुटांकडे बघत राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"माझ्या आकड्यांत असं काही नाही," मी म्हणाले.

"तुमच्या आकड्यांत तो चुकत नाही. सामन्यात चुकतो. मग मधे भीतीशिवाय काय उरतं, तुम्हीच सांगा."

मी लॅपटॉप मिटला. चरफडत घरी आले आणि लक्ष्मीकांतने बापड्याने केलेल्या आमटीला नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी आमच्या ढोल-ताशा पथकाचा सराव होता. शिवजयंती जवळ आली होती. वस्तीत वाजवायची सोय नाही. मागे एकदा पोलीस येऊन इतक्या नम्रपणे वाकले होते की आम्हीच शरमेने ढोल उचलून चालते झालो होतो.

रुचा आमच्यात नवीन, टोकियोतल्या आयटी कंपनीत नोकरीला. उभ्याने शिकताना तिचा एक ठोका चुकत नव्हता. पण ढोल कमरेला बांधून काठाकाठाने चालत, नाचत वाजवायला लागलो तसे तिचे ठोके घसरायला लागले. शेवटी ती थांबलीच.

"ताई, मला सगळं पाठ आहे हो. घरी परफेक्ट येतं. मी नर्व्हस होते बहुतेक."

"नर्व्हस बिर्व्हस काही नाही. दम लागलाय तुला," मी खेकसले. "दम लागला की खांदे वर चढतात, हात उंचावरून पडतो, ठोका उशिरा बसतो. म्हणून तर आपण अवघड ताल सगळ्यात शेवटी वाजवून घेतो. आरामात काय, कुणालाही वाजवता येतं."

बोलून झालं आणि मी टिपरू हातात धरून तशीच उभी राहिले.

"ताई, काय झालं?"

"एक माणूस उगाच बदनाम झालाय," मी म्हणाले. ढोल तिच्या स्वाधीन केला आणि सायकल काढली.

विद्यापीठाच्या मैदानावर किंग्सबेचा सराव चालू होता. मी कुंपणाशी उभी राहून बघितलं आणि मला हसावं की रडावं कळेना. रांगा. पुढचा किक मारतो, मागे जाऊन उभा राहतो, कमरेवर हात ठेवतो, गप्पा मारतो, नंबर आला की पुन्हा किक. आमच्या प्रयोगशाळेत रांग होती हे समजू शकते. इथे कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दोन माणसं असली तरी रांग लागते. पण ऑस्ट्रेलियातून आलेली ही दांडगी मंडळीही वर्षानुवर्षं रांगेतच शिकत होती. प्रत्येक किक पोटभर विश्रांती घेऊन. सामन्यात कोण उभं करतं रांगेत?

मी डॅरनला गाठलं आणि सेन्सेइंना फोन केला. सुट्टीच्या दिवशी ते कोट-टाय घालून कॅमेऱ्यांसकट हजर झाले. "आता सगळ्यांना मैदानाची फेरी मारू दे," मी डॅरनला म्हणाले. "जोरात. आणि थांबू न देता किक."

"मांडीचे स्नायू दुखावतील त्यांचे. म्हणून तर आम्ही अशा किक टाळतो."

"थोड्याच घेऊ. पण घेऊ."

फेरी झाली, किक झाल्या. चेंडू चारी दिशांना गेले. कूपरचा गेला, कप्तानाचा त्याहून वाईट गेला. मी लॅपटॉपवर कालचं आणि आजचं चित्र शेजारी शेजारी लावलं. पाय अगदी तसेच होते. बदलला होता तो चेंडू धरणारा हात. छाती भात्यासारखी हलत होती, खांदे वर चढले होते आणि हात जवळजवळ वीतभर उंच गेला होता. तेवढ्या उंचीवरून सोडलेला चेंडू पायापर्यंत पोचेपर्यंत कलंडत होता.

डॅरनने ते पुन्हा पुन्हा बघितलं. "सगळ्यांचंच?"

"सगळ्यांचंच. तुमच्या संघात कुणी भित्रा नाही. प्रत्येक चढाईतली शेवटची किक कूपरची असते म्हणून चूक त्याच्या नावावर जाते. मधल्या चुका तुम्ही विसरून जाता."

"आम्ही वीस वर्षं असाच सराव घेतोय."

"मग वीस वर्षं चुकताय."

सेन्सेइंना खोकला आला. असं वाक्य जपानात कुणी तोंडावर बोलत नाही. पुण्यात ते सभ्य बोलणं समजतात.

डॅरन चिडला, लांबवर चालत गेला, परत आला. "शनिवारपर्यंत रांगा बंद," तो म्हणाला. "पण कूपरबद्दल माझा शब्द तोच. चुकला तर घरी."

आठवडाभर मी मैदानावर होते. पळा, चेंडू घ्या, श्वास सोडा, हात कमरेपाशी आणा, मग किक. सुरुवातीला हाल झाले. एक चेंडू तर सेन्सेइंच्या सायकलच्या टोपलीत जाऊन बसला. बुधवारी कूपर माझ्याजवळ येऊन बसला.

"खरं सांगा. इतकी जुनी सवय आठवड्यात जाते का?"

"नाही जात," मी म्हणाले. "पण हात खाली आणता येतो. तुला तो प्रत्येक वेळी मुद्दाम आणावा लागेल. कंटाळा करू नकोस."

"मी भित्रा नाही," तो हळूच म्हणाला.

"मला माहीत आहे. ते शनिवारी त्यांना दाखव."

शनिवारी त्सुकुबा डोंगरावरून बोचरा वारा सुटला होता. समोर ऑस्ट्रेलियाचाच दुसरा संघ होता, दौऱ्यावर आलेला. गेल्या वर्षी त्याने किंग्सबेला धुऊन काढलं होतं. आमचं पथक झाडून बघायला आलं होतं. खेळातलं कुणालाच काही कळत नव्हतं, पण बाजू कुणाची घ्यायची ते पक्कं होतं.

शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा किंग्सबे मागे होते आणि सगळे धापा टाकत होते. कूपरला एरवी या वेळेला बाहेर काढत. आत्ताही बदली खेळाडू रेषेवर तयार होता. डॅरनने हात वर केला. कूपरने ते बघितलं, मान हलवून नाही म्हटलं, आणि पाठ फिरवून पळाला. डॅरनचा हात तसाच हवेत राहिला.

तेवढ्यात चेंडू कूपरकडे आला. मागून दोघं त्याच्या अंगावर येत होते. त्याची छाती वरखाली होत होती. मग धावता धावता त्याचे खांदे उतरले. हात खाली आला, कमरेपाशी. चेंडू सुटला, पायावर बसला आणि मधल्या दोन खांबांतून सरळ गेला.

पुढे तर त्यांनी समोरच्यांना श्वास घेऊ दिला नाही. कप्तानाने लांबून मारलेला चेंडू थेट सहकाऱ्याच्या छातीवर उतरला. अजून एक, अजून एक. कूपरने दुसरा गोल केला. मग अगदी कडेच्या कोनातून, वाऱ्याच्या तोंडावर, दोघांच्या हातांवरून तिसरा. त्या गोलने किंग्सबे पुढे गेले आणि भोंगा वाजला तेव्हा पुढेच होते. सेन्सेइंनी माझा हात धरून चक्क उडी मारली, आणि मग हात धरल्याबद्दल वाकून माफी मागितली.

डॅरनने सगळ्यांना मैदानाच्या मधे बोलावलं. आवाज चढाच होता, त्यामुळे आम्हाला कुंपणापर्यंत ऐकू आलं.

"मी याला तुमच्यासमोर भित्रा म्हणालो. म्हणून तुमच्यासमोरच सांगतो. तो भित्रा नव्हता. शिकवण्यात माझी चूक होती, आणि ती झाकायला मला त्याचं नाव सोपं पडलं. पुढच्या हंगामात संघात पहिलं नाव कूपरचं."

कूपरने डॅरनला सरळ खांद्यावर उचललं आणि धावत सुटला. तापट डॅरन वर हातपाय झाडत ओरडत होता, खाली उतरव म्हणून, आणि अख्खा दमलेला संघ हसत त्यांच्यामागे पळत होता. मी कुंपणाला धरून मराठीत ओरडत होते आणि आनंदाने रडत होते.