सहा महिन्यांचा मासा

बाबा गेल्यावर जी सांत्वनाची पत्रं आली, त्यांच्या पाकिटांवर एक ऑक्टोपस होता, डॉल्फिनची जोडी होती, एक खेकडा होता आणि एक काटेरी, टम्म फुगलेला मासा होता. तो मासा तर चक्क हसत होता. पत्रं लिहिणारी माणसं जगभर पांगलेली आणि बाबांना कधीही न भेटलेली. पण बाबांना पाकीट पाठवायचं म्हणजे त्यावर समुद्रातलंच काहीतरी डकवायचं, ही सवय त्यांच्या हाताला इतकी पक्की लागली होती की अशा प्रसंगीही हात चुकला नाही.

"ह्यांची माणसं रडतातसुद्धा माशांसकट," आई म्हणाली आणि तिने ऑक्टोपसाचा कोपरा कात्रीने कापून घेतला.

बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. घरोघर जाऊन मीटर वाचणं हे त्यांचं काम. उरलेल्या वेळात ते टपाल तिकिटं जमवायचे. तीही फक्त मासे, शंख-शिंपले, कासवं, प्रवाळ अशी. राजे-राण्या, पूल, आगगाड्या आल्या की ते वाटून टाकत. प्रत्यक्ष मासा त्यांना वासानेही सहन होत नसे. एकदा आम्ही त्यांना हट्टाने समुद्र दाखवायला नेलं, तर थोडा वेळ किनाऱ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "फार हलतो हो. आणि वरून काही दिसतही नाही."

पाकिटावरचं तिकीट सोडवायची एक रीत असते. कागदाचा तुकडा पाण्यात ठेवायचा, गोंद सुटला की चिमट्याने कोपरा धरून तिकीट अलगद उचलायचं आणि टिपकागदावर पालथं घालायचं. त्यासाठी आमच्या ओट्यावर एक पांढरं पसरट ताट कायम असे. आई लग्न झाल्यापासून त्या ताटाशी भांडत आली होती. "सवत परवडली असती," ती म्हणायची, "ती निदान ओट्यावर भिजत पडली नसती."

आता बाबा नव्हते, आणि आई रोज सकाळी त्या ताटात पाणी घेत होती.

एकाच माणसाचं पत्र आलं नव्हतं. ते म्हणजे दाताचे डॉक्टर.

डॉक्टर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतात आणि पक्ष्यांची तिकिटं जमवतात. फार पूर्वी एका लांबच्या बेटावरच्या बोटवाल्याने या दोघांना मिळून एक भेट पाठवली. त्याचा बिचाऱ्याचा समज असा, की हे दोघे मित्र आहेत. भेट म्हणजे एक जोडतिकीट. दोन तिकिटं एकमेकांना चिकटलेली, मध्ये छिद्रांची रांग, आणि दोन्ही मिळून एकच चित्र. वरच्या तिकिटावर चोच उघडून झेपावणारा पांढरा पक्षी, खालच्या तिकिटावर पाण्यात चमकणारा निळा मासा.

वेगळी करून घेतली असती तर प्रश्न मिटला असता. पण जोडतिकीट फाडणं हे तिकीटवाल्यांच्या जगात महापाप. पोटचं पोर वाटून घेतील, जोडतिकीट नाही. शेवटी करार झाला. जानेवारी ते जून डॉक्टरांकडे, जुलै ते डिसेंबर बाबांकडे.

दर सहा महिन्यांनी पहिल्या तारखेला सकाळी आमच्या दारात हा सोहळा चाले. घटस्फोट झालेले आईबाप पोराला खरचटलं-बिरचटलं तर नाही ना ते बघतात, तसे दोघे भिंगातून तिकीट तपासायचे.

"उन्हात ठेवलं होतंत का, डॉक्टर? निळा उतरलाय."

"तुमच्याकडे असताना ओल लागली, मीटरसाहेब. घरभर पाण्याची ताटं मांडून बसता."

मग मूळ वादाला तोंड फुटे. चित्रातल्या त्या क्षणानंतर काय होतं?

"पकडतो," डॉक्टर म्हणत. "चोचीचा कोन बघा."

"निसटतो," बाबा म्हणत. "शेपटी बघा."

हे सगळं उंबऱ्यावर उभं राहून. आत या म्हणायचं बाबांना सुचत नसे आणि आत यायचं डॉक्टरांना. चहा गार झाला की आई तो स्वतःच पिऊन टाके.

तिकीट मंडळाचं प्रदर्शन डिसेंबरात भरतं, म्हणजे नेमकं बाबांच्या वाट्यात. या वेळी मात्र सभागृहाचं छप्पर गळायला लागलं आणि प्रदर्शन पुढे ढकलून मे महिन्यात नेलं. डॉक्टरांना ही बातमी कळली त्या दिवशी ते आमच्या घरावरून उगीचच दोनदा गेले, असं आई सांगते.

बाबांनी या प्रदर्शनासाठी जन्मभराचं काम मांडलं होतं. बाकीचे लोक तिकिटं देशाप्रमाणे लावतात, नाहीतर सालाप्रमाणे. बाबांनी खोलीप्रमाणे लावली. पहिल्या फळ्यावर पाण्याच्या वरच्या थरातले मासे, मग खाली खाली, आणि शेवटच्या फळ्यावर तळाच्या काळोखातले आंधळे, कंदीलवाले. प्रत्येक तिकिटाखाली खोलीचा आकडा लिहिला होता. मीटर वाचणाऱ्या माणसाने आख्खा समुद्र वाचून काढला होता. फक्त पहिल्या फळ्यावरचा पहिला चौकोन रिकामा. त्याखाली बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'खोली: एक वीत'.

समुद्र तिथून सुरू होत होता, आणि तिथेच भोक होतं.

"जाऊन मागेन," बाबा म्हणत राहिले. फेब्रुवारीत म्हणाले, मार्चमध्ये म्हणाले. डॉक्टरांकडे काही मागायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. एप्रिलमध्ये ते गेले.

म्हणून मग मी गेले.

दवाखान्यात का आले ते मला कुणी विचारलंच नाही. डॉक्टरांनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"आ कर."

"काका, मी दातांसाठी नाही—"

"त्या खुर्चीत बसलेलं माणूस दातांसाठीच असतं. आ."

मी आ केला. मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शांतपणे बघत राहायची मला सवय आहे. उलटा अनुभव फारसा नाही.

"डावीकडची दाढ पोखरलीय. बापाच्या वळणावर गेलीस. तोही दाखवायचा नाही." त्यांनी गालात कापूस कोंबला. "हं. आता बोल."

मी बोलले. जोडतिकीट, प्रदर्शन, रिकामा चौकोन, आणि फक्त दोन दिवसांसाठी, असं सगळं कापसातून बोलले.

"कळलं," डॉक्टर म्हणाले. "नाही मिळणार."

"काका!"

"करार म्हणजे करार. जूनअखेरपर्यंत पक्षी माझा."

"मासाही आहे त्यात."

"घटकाभराचा सोबती आहे तो." त्यांनी दाढेवर काहीतरी टोचलं. "माझाही फळा लागणार आहे प्रदर्शनात. शेवटच्या चौकोनात तो पक्षी येतो. तिथे मी काय कावळा लावू?"

मी कापूस काढून हातात घेतला. "बाबा स्वतः आले असते तर दिलं असतंत?"

"तो आला असता तर भांडलो असतो," डॉक्टर म्हणाले. ते बेसिनकडे वळले आणि हात धुऊ लागले. आधीच धुतलेले हात त्यांनी बराच वेळ धुतले. "तुझ्याशी काय भांडायचं? तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही. संध्याकाळपर्यंत त्या बाजूने चावू नकोस."

घरी येऊन मी आईला सांगितलं. तिचा पारा चढला.

"पत्र नाही, भेटायला येणं नाही! त्या दिवशी फाटकापर्यंत आला आणि परत फिरला, मी बघितलं खिडकीतून. भांडायला मात्र बाह्या सरसावायचा. जाऊ दे. चौकोन रिकामा तर रिकामा. ह्यांना रिकामा चौकोन चालला नसता, पण आता ह्यांना विचारतंय कोण?"

मग तिने ताटातलं पाणी बदलायला घेतलं. ते बदलण्याजोगं झालेलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी कामावरून आले, तेव्हा टेबलावर एक पाकीट पडलं होतं. कोपरा नेहमीप्रमाणे कापलेला, आतल्या कागदाची घडी तशीच. पत्ता अशा अक्षरात, की ते फक्त डॉक्टरांचं असू शकतं. आतला कागद मी उभ्याउभ्याच वाचला.

'वहिनी, मला अशी पत्रं लिहिता येत नाहीत. मीटरला पाकीट पाठवायचं तर त्यावर मासा हवा, हे मला माहीत आहे. माझ्याकडे मासा एकच होता. पक्षी त्याच्याबरोबर आला आहे, त्याला इलाज नाही.'

मी पाकीट उलटसुलट केलं. कापलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्या देशाचं, वर्षानुवर्षं भिंगाखाली सांभाळलेलं, गोंदाला बोटही न लागलेलं जोडतिकीट डॉक्टरांनी ओलं करून पाकिटाला चिकटवलं होतं आणि दोन गल्ल्यांपलीकडच्या पत्त्यावर टपालाच्या पेटीत टाकलं होतं. टपालातल्या कुणीतरी न बघताच त्यावर शिक्का मारला असणार.

"आई!" मी ओरडले. "ते तिकीट भिजवू नकोस!"

"कुठलं?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तो चिमणीसारखा पक्षी? निघाला की. छान निघाला."

मी धावले. ते जोडतिकीट आईने आजवर दारातल्या भिंगांखाली, लांबूनच पाहिलेलं. आईच्या चिमट्यात पांढरा पक्षी होता, पंखांवरून पाणी ठिबकत होतं. निळा मासा ताटातच राहिला होता. इतक्या वर्षांच्या हाताळणीने मधली छिद्रं थकली असावीत. पाणी लागलं आणि आईने कोपरा धरून अलगद उचललं, अगदी बाबांच्या रीतीने. वरचं आलं, खालचं नाही आलं.

"काय झालं?" आई माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली. मी पत्र पुढे केलं. तिने ते वाचलं. मग खाली बसली. चिमटा मात्र तिने सोडला नाही.

"अगं बाई," ती म्हणाली. "ह्या दोघांनी जन्मभर जे केलं नाही, ते मी दोन मिनिटांत केलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही मासा पहिल्या चौकोनात लावला. शिक्क्याचा अर्धा गोल त्याच्या डोक्यावर होता. पक्षी मी पारदर्शक पाकिटात घालून पर्समध्ये ठेवला होता, आणि पर्स छातीशी धरून उभी होते. डॉक्टरांना हे सांगायचं कसं, याचा विचार रात्रभर करूनही मला एक वाक्य जुळलं नव्हतं. शेजारचाच फळा त्यांचा होता. शेवटचा चौकोन त्यांनी रिकामा ठेवला होता. कावळा लावला नव्हता.

डॉक्टर आले. मी काही बोलायच्या आत त्यांनी आमचा पहिला चौकोन पाहिला. मासा पाहिला. माशाच्या वर जे असायला हवं होतं आणि नव्हतं, तेही पाहिलं.

मी पर्समधलं पाकीट पुढे केलं.

त्यांनी खिशातून भिंग काढलं. पक्ष्याची खालची कडा तपासली, मग वाकून माशाची वरची. त्यांना एवढं वाकायला त्रास होतो. पण ते तसेच राहिले.

"दात शाबूत आहेत," शेवटी म्हणाले. तिकिटाच्या कडेच्या कंगोऱ्यांना ते दातच म्हणतात. "एकही तुटलेला नाही. काढलं कुणी?"

"मी," आई म्हणाली. वर्गात उभं केलेल्या मुलीसारखी म्हणाली.

"हात हलका आहे तुमचा."

ते पुन्हा माशाकडे वळले. नाकाचा शेंडा जवळजवळ फळ्याला लागला. परीक्षक येऊन मागे उभे राहिले होते. गोंद गेलेलं, शिक्का पडलेलं, जोडीतून सुटलेलं तिकीट अशा खुणा त्यांनी कागदावर केल्या, आणि 'एक वीत म्हणजे कुणाची वीत?' असं विचारून ते पुढे गेले.

"निसटला," डॉक्टर म्हणाले.

"काय?" आईने विचारलं.

"मासा हो. निसटला." ते सरळ झाले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मीटर म्हणत होता ते बरोबर होतं. शेपटीच तशी आहे."

बाबांना हे ऐकायला मिळालं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशीपासून मीटरवाचकाचा गणवेश पुन्हा चढवून गल्लीभर सांगितलं असतं. मी फळ्याकडे बघत राहिले. समुद्र एक वीत खोलीपासून सुरू होऊन तळापर्यंत नीट लागला होता.

डॉक्टरांनी पक्षी आपल्या शेवटच्या चौकोनात बसवला, चिमट्याने जरा डावीकडे सरकवला, पुन्हा उजवीकडे सरकवला.

"जुलै लागला की घेऊन येतो," ते म्हणाले.

"काय?" मी विचारलं.

"पक्षी. सहा महिने तुमच्याकडे. आणि जानेवारीत मासा माझ्याकडे यायला हवा, त्याच्यावर ओलीचा एकही डाग नको. करार म्हणजे करार."

"पण काका, आता तर दोन्ही वेगळी—"

"तू मध्ये बोलू नकोस गं," आई म्हणाली, आणि डॉक्टरांकडे वळली. "या. पण उंबऱ्यात उभं राहून नाही भांडायचं. आत येऊन भांडायचं. माझा चहा गार होतो."