खोगीर राहिलं

"काका, एवढे मोठे होऊन तुम्ही खेळण्यांशी खेळता?"

माझ्या मैत्रिणीने, चैतालीने पैज लावली होती, म्हणून मी आमच्या सोसायटीतल्या मेश्रामकाकांना सरळ विचारलं.

"हो. तुला जमतंय का बघ," म्हणत त्यांनी जुन्या इटलीतल्या एका करंगळीएवढ्या घोडेस्वाराचे सुटे तुकडे माझ्या हातात ठेवले. रविवारी त्यांच्याकडे टेबलावर अशा छोट्या सैनिकांच्या लढाईचा खेळ होता. नियम एकच, अर्धवट रंगवलेला स्वार मैदानात उतरत नाही.

मी उत्साहात आधी स्वार घोड्यावर चिकटवला आणि मग रंगवायला बसले. लाल-पांढरी झूल झकास जमली. फक्त स्वाराच्या मांडीखाली ब्रश शिरेना, म्हणून खोगीर प्लास्टिकचं करडंच राहिलं.

शनिवारी काकांनी घोडा तिरका धरला. "खोगीर राहिलं."

"ते कुणाला दिसतंय, काका?"

"तुला माहीत होतं ना? आधी घोडा रंगवतात, मग स्वार बसवतात. आता तू पुढच्या महिन्यातल्या लढाईत खेळ."

मी तिथल्या तिथे स्वार उपटला. घोडा शाबूत राहिला.

घरी आईबाबा बिबवेवाडीला मावशीकडे मुक्कामाला निघत होते.

"मी येत नाहीये," मी जाहीर केलं. "मला खोगीर रंगवायचंय. उद्या लढाई आहे."