धुतलेली बाटली

नोकरीला तीन महिने झाले तरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिला सगळे 'नवी' म्हणूनच हाक मारायचे. इंजिनीयरिंगला पहिल्या वर्गात आलेली मुलगी. वाटलं होतं, गेल्या गेल्या टाक्यांचे नकाशे हातात मिळतील. मिळाली ती बाटल्यांची पेटी. नळावर जायचं, नमुना भरायचा, चिठ्ठी लावायची, संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेत आणून द्यायचा. तिनं तेही मन लावून केलं. आईच्या धाकात वाढलेली ती, धुतल्याशिवाय साधी वाटी हातात घ्यायची नाही. तेच नडलं.

तिची धाकटी मावशी शहराच्या टोकाला राहायची, पाइपलाइन संपते त्या गल्लीत. तिथल्या पाण्याला पंधरा दिवस गटाराचा वास येत होता. गल्लीनं तक्रार केली आणि नमुना घ्यायला नेमकी हीच गेली. मावशीच्याच नळाखाली तिनं बाटली धरली, तीनदा खळखळून विसळली, मग भरली. निकाल आला : जंतू नाहीत, पाणी पिण्यायोग्य. खाली तिची सही. आयुष्यातली पहिली सरकारी सही! मावशीनं तो कागद जिन्याखाली चिकटवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं, "माझ्या भाचीनं तपासलंय. आता कशाला पाणी उकळत बसताय?"

आठ दिवसांनी प्रयोगशाळेतले म्हातारे शिपाई, सगळ्या कचेरीचे मामा, रिकाम्या बाटल्यांत चिमूट चिमूट पांढरी पूड टाकत बसले होते. जंतूंच्या तपासणीच्या बाटल्या त्या. तिनं सहज विचारलं, "मामा, ही कसली पूड?"

"क्लोरीनचा जोर मोडायला," मामा म्हणाले. "माणूस नळाखाली ग्लास धरतो आणि लगेच पितो. आपली बाटली चार तास गाडीत हिंडते. तेवढ्यात पाण्यातलं उरलंसुरलं क्लोरीन जंतूंना मारून टाकतं आणि घाण पाणीसुद्धा इथं येऊन साळसूद होतं. म्हणून बाकीच्या बाटल्या विसळायच्या, ही कधीच नाही; पूड वाहून जाते. पहिल्याच दिवशी सांगतात की."

तिला कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि तेव्हा ती नकाशांचा विचार करत होती? ती तशीच साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "अहवाल वर गेलाय. तो मागे घ्यायचा तर फेरनमुन्याचा निकाल हवा. आजच नमुना घे, परवा कळेल. तोवर गल्लीत चकार शब्द नको. उगाच घबराट व्हायची."

"पण साहेब, लोक पिताहेत ते पाणी!"

"पाणी वाईट आहे हे तुला तरी कुठं ठाऊक आहे? तुझ्याकडे निकाल आहे का?"

नव्हता. तिच्याकडे निकाल होता तो उलटाच. साहेबांच्या बोलण्यात एक शब्द चुकीचा नव्हता, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. ती बाहेर गेली, जिन्यात उभी राहिली आणि नोकरी गेली खड्ड्यात म्हणून मावशीला फोन लावला.

"मावशी, पाणी उकळून प्या. सगळ्या गल्लीला सांग. माझी चूक झालीय."

"अगं, मी दवाखान्यात आहे," मावशी हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या काकांना चार दिवसांपासून उलट्या-जुलाब. समोरच्या घरातलेही दोघं इथंच आहेत. तू नवी नोकरीवाली, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून कळवलं नाही."

"पाण्यानंच झालंय ते!"

"छे गं! डॉक्टरांनासुद्धा आधी तोच संशय होता. मग मी तुझा कागद आणून त्यांच्यापुढं ठेवला. सही-शिक्का बघितला आणि म्हणाले, मग पाणी नाही, दुसरं काहीतरी शोधू."

"डॉक्टरांना फोन दे," ती कशीबशी म्हणाली.

"ते गेले, आता उद्या सकाळीच येतील. जाताना सांगून गेलेत, पाणी भरपूर पाजा. इथल्या पाण्याचा काय भरवसा, म्हणून मी घरूनच कॅन भरून आणलाय."

"ते पाजू नकोस! मावशी, ऐक माझं, ते पाजू नकोस."

"आत्ताच दोन ग्लास प्यायले," मावशी म्हणाली. "किती दिवसांनी पोटभर प्यायले गं."