सरकीचा डबा

वडवणीच्या बाजारगल्लीत हैदरचं गादीचं दुकान. मागं घर, आणि मधल्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन. ते सुरू झालं की फरशी थरथरते, भाकरीवर कापसाची भुकटी उतरते आणि शेजारच्या माणसाचा शब्दही ओठावरच विरतो. म्हणून या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. हैदरला चहा हवा असला की तो अंगठा ओठाशी नेतो. त्याच्या आईला, बीबीजानला, सून तरन्नुम हवी असली की ती तळहातानं फरशीवर थाप मारते.

तरन्नुमच्या सव्वा वर्षाच्या हारिसलाही तसंच बोलावतात. थाप पडली की लेकरू वळतं, हसतं, रांगत येतं.

पण अंगणवाडीत मंगलताईंनी त्याला नावानं हाक मारली, तर तो वळला नाही. टाळी वाजवली, तरी नाही.

"तरन्नुम, घाबरू नको," मंगलताई म्हणाल्या. "पण ध्यान दे. घरातल्याच वस्तूंची खेळणी कर. मऊ, खरबरीत, चमकणारी, वाजणारी. कशाकडं वळतो ते बघ. वाजणाऱ्याकडं न्हाईच वळला, तर बीडला कान दाखवून आण. ऐकू आलं न्हाई तर बोलणं बी यायचं न्हाई."

तरन्नुम घरी आली ती लेकराचा कान आपल्या गालाशी धरूनच. एवढासा कान, शेंगेसारखा वळलेला. आत वाट होती की भिंत, बाहेरून कसं कळावं?

दुपारी ती खेळणी करायला बसली. गाद्यांच्या खोळीची उरलेली कापडं होती. मखमल, मांजरपाट, पोत्याचा तुकडा, असं एकाला एक जोडून तिनं चौकोन शिवला. बाटलीत पाणी, टिकल्या आणि जरीची कातरण घालून झाकण पक्कं चिकटवलं. कापसात राहिलेली सरकी वेचून पत्र्याच्या डब्यात भरली, आणि डबा फडक्यात शिवून टाकला. शिवताना ओठांवर ओवी आली, ती मशीनच्या घरघरीत तिची तिलाच ऐकू येत नव्हती:

खुळखुळ सरकीची, भरते मी डब्यामंदी
बाळा माझ्या सांग बाई, काय अडलं कानामंदी

हारिसनं मखमल गालाला लावली. पोत्याला बोट लावून हात मागं घेतला. बाटलीतल्या टिकल्या खाली बसेपर्यंत तो पापणी न हलवता बघत राहिला. मग तरन्नुमनं त्याच्या मागं डबा वाजवला. लेकरू वळलं नाही. तिनं पुन्हा वाजवला. तिचा चेहरा उतरला.

हैदरनं ते पाहिलं आणि तिच्या कानाशी येऊन ओरडला, "मशीन चालू हाय. मलाच ऐकू येईना, त्याला काय येईल?"

"मग बंद करा."

"लग्नाच्या गाद्या उद्या द्यायच्यात."

तेवढ्यात लाईट गेली. मशीन कण्हत थांबलं, आणि हारिसनं मखमलीतून तोंड वर काढून मशीनकडं पाहिलं.

हैदर, तरन्नुम आणि कोपऱ्यातली बीबीजान, तिघांनीही ते पाहिलं.

"बघा, कळलं त्याला," बीबीजान म्हणाली. "उगं कशापायी जीव टांगणीला लावता? हैदर बी लई उशिरा बोलायला लागलता. आता गिऱ्हाईकाला बोलू देत न्हाई."

"अम्मी, पोराच्या कानाचं चाललंय, माझ्या तोंडाचं न्हाई."

"पण कळलं ते कानाला का बुडाला?" तरन्नुम म्हणाली. "फरशी बी थांबलीच की."

ती हारिसच्या मागं बसली आणि तिनं डबा वाजवला. तो वळला.

"ऐकलं," बीबीजान म्हणाली.

"तू धपकन बसलीस," हैदर म्हणाला. "त्याला वाटलं, थाप मारली."

बीबीजाननं तोंडानं हाक मारली, "हारिस." लेकरानं तिच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. ते तिच्या तळहाताकडं बघत राहिलं, आता पडेल, मग पडेल म्हणून. बीबीजाननं हात पदरात लपवला.

"आपण कधी नावानं बोलावलंच न्हाई त्याला," तरन्नुम म्हणाली. "त्याला ऐकू येत न्हाई, का ऐकायचं असतं हेच ठाऊक न्हाई?"

तिनं त्याला कडेवर उचललं. आता पायाखाली फरशी नव्हती. "मागनं वाजवा," ती हैदरला म्हणाली.

हैदर डबा घेऊन उभा राहिला. लग्नात बँडपुढं नाचणारा माणूस, पण हात उचलेना. शेवटी त्यानं डबा हलवला, आणि हारिस खुदकन हसला. त्याच क्षणी लाईट आली आणि बटण चालूच राहिलेलं मशीन घरघरू लागलं.

हसला तो कशाला? सरकीला, मशीनला, की आईच्या कडेवर बसायला मिळालं म्हणून?

तरन्नुम लेकराला घेऊनच भिंतीशी गेली आणि तिनं बटण बंद केलं. हैदरनं गाद्यांकडं हात केला, ती तिथून हलली नाही.

घर एकदम रिकामं वाटलं. बाहेरचा केळीवाला ओरडत होता, तेही आज पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. बीबीजान हारिसला त्याच्या नावानं हाका मारत राहिली, कधी हळू, कधी मोठ्यानं, आणि हारिस एकेकाच्या हाताकडं बघत राहिला.

"सकाळच्या गाडीनं बीडला जाऊ," हैदर म्हणाला. "गाद्यांचं मी लग्नवाल्यांना सांगतो."

तरन्नुमनं मान डोलावली. मग थांबली, आणि लेकराच्या कानाशी वाकून तोंडानं म्हणाली, "जाऊ."