भोंगाबाईंचा आवाज बसला

लाँड्रीत बाईंना तोंडावर सगळे 'बाई' म्हणायचे आणि पाठ वळली की 'भोंगा'. हे नाव कोणी ठेवलं ते कधी कळलं नाही, पण चुकीचं ठेवलं असं त्यांचा सख्खा नवरासुद्धा म्हणाला नसता. मोठ्या इस्पितळाच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं इथे धुवायला यायचं. धुण्याची यंत्रं घुमायची, पिळण्याची यंत्रं थडथडायची, आणि मधोमध तो रोलर. भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब, तापलेला, धूड नुसतं. एका बाजूने दोघींनी ओली चादर ताणून आत द्यायची, पलीकडे दोघींनी इस्त्री होऊन आलेली धरून घडी घालायची. शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईल तर शपथ. पण बाईंचं ऐकू यायचं.

"ए, वाकडी जातेय! डोळे काय घरी ठेवून आलीस?"

वाकडी चादर म्हणजे बाईंच्या डोक्याला कायमचा ताप. चादर वाकडी गेली की तिला सुरकुत्यांची वळकटी पडते, ती पुन्हा धुवा, पुन्हा दाबा. त्यात इस्पितळाने परत पाठवली की मॅनेजरची बोलणी खा. म्हणून बाई ओरडायच्या. जितक्या चादरी वाकड्या, तितका आवाज मोठा. असा वर्षानुवर्षं गळा खरवडल्यावर व्हायचं तेच झालं. घशात गाठी निघाल्या. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"डॉक्टर, थोडं वाढवून मिळेल का?" नवऱ्याने विचारलं. तो शिंपी, माप घेतल्यासारखा गंभीर चेहरा करून विनोद करायची त्याला खोड. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा घरी पोचेपर्यंत गप्प होता.

मॅनेजर मात्र विनोद करत नव्हता. बाई गळ्याला रुमाल गुंडाळून, हातात पाटी घेऊन कामावर हजर झाल्या तेव्हा त्याने त्यांना खुर्चीतसुद्धा बसू दिलं नाही. "सुपरवायझर म्हणजे आवाज, बाई. आवाज नाही तर सुपरवायझर कशाचा? महिनाभर थांबतो. नाहीतर माझा मेहुणा मोकळाच आहे. बसस्थानकावर गाड्या पुकारायचा. माइक बंद पडला तरी त्याचं अडायचं नाही. तुम्ही आपल्या छाटणीच्या टेबलावर जा परत."

छाटणीचं टेबल म्हणजे मळलेले, डागाळलेले कपडे वेगळे करायची जागा. बाईंनी तिथूनच सुरुवात केली होती. तिथून इथे यायला अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि हे पद त्यांना कोणी आंदण दिलेलं नव्हतं. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'मी कुठेही जात नाही,' पाटी मॅनेजरच्या नाकासमोर धरली, आणि पुसलीसुद्धा नाही.

घरी नणंदबाई वाटच बघत होत्या. त्या ग्रंथालयात कामाला. "वहिनी, बोलता येत नाही तर निदान वाच. लोकांकडून काम कसं करून घ्यायचं, चांगला प्रमुख कसं व्हायचं, सगळं यात आहे," म्हणत त्यांनी पुस्तकांची चळतच टेबलावर ठेवली.

आता, काही माणसं पुस्तक वाचतात. बाई पुस्तकाशी भांडल्या. पेन्सिल घेऊनच बसल्या. 'प्रमुखाने सहकाऱ्यांमध्ये हसतमुखाने वावरावे,' असं छापलेलं दिसलं की बाजूला लिहायचं, 'रोलरपाशी उभे राहा, मग हसा.' 'चांगला प्रमुख आधी ऐकतो.' बाजूला, 'काय ऐकतो? यंत्रं?'

"वहिनी! ग्रंथालयाचं पुस्तक आहे गं!" नणंदबाई किंचाळल्या.

बाईंनी पाटी पुढे केली. 'मग वन्सं, त्यांना सांगा खोटं छापू नका.'

पण एका पानावर गाडी अडली. 'आपण गप्प असताना आपली माणसे काम कसे करतात, हे एकदा पाहावे.' बाईंनी समासात लिहिलं, 'करतच नाहीत.' खाली रेघ मारली. समाधान झालं नाही म्हणून आणखी एक मारली. आणि दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन रोलरपाशी बसल्या, पुस्तक खोटं पाडायला. म्हटलं, बघूच आता कसा सावळा गोंधळ होतो ते.

गोंधळ झालाच नाही. पहिली चादर सरळ गेली. दुसरी सरळ गेली. बाई हटून बसल्या होत्या, आता चुकतील, मग चुकतील, पण दुपारची सुट्टी आली तरी वाकडी चादर म्हणावी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं मी घसा फोडला, आणि मी गप्प बसले तर यांचं सुरळीत चालतं?

मग त्यांना हात दिसले. पिळणाऱ्याने मनगटावर दोन बोटं आपटली आणि रोलरवरच्या मावशींनी चादर बाजूला ठेवली. म्हणजे ओली आहे, थांब. कोणी कोपरावर चापट मारली. म्हणजे फाटकी. कोणी हवेत मूठ उगारली की सगळं जागच्या जागी थांबायचं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा चालल्या होत्या, आणि बाईंना आजवर त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. दुपारनंतर त्या दारातून आत आल्या तेव्हा कोपऱ्यातल्या एकाने चार बोटं नि अंगठा तोंडापाशी नेऊन उघडझाप केली, आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या. हे मात्र शिकवायची गरज नव्हती. हा भोंगा होता.

घरी येऊन बाई मोरीपाशी उभ्या राहून रडल्या. भोंगा म्हणाले म्हणून नव्हे. ते नाव त्यांना कधीचं ठाऊक होतं. रडल्या ते वेगळ्याच गोष्टीसाठी. त्या ओरडल्या की दचकून सगळ्यांची मान वर व्हायची, आणि मान वर झाली की हातातली कड सुटायची. चादर वाकडी जायची म्हणून बाई ओरडत होत्या, आणि बाई ओरडत होत्या म्हणून चादर वाकडी जात होती. एवढं साधं गणित, आणि ते कळायला गळ्यावर सुरी चालवून घ्यावी लागली! शेवटी डोळे पुसून त्यांनी खोडरबर घेतलं आणि समासातलं 'करतच नाहीत' पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी यंत्रं थांबली तशा त्या मावशींपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मावशी सगळ्यांत जुन्या, रोलरच्या तोंडाशी त्यांचाच हात. पाटीवर लिहिलं होतं, 'मला हातांचं बोलणं शिकवा.'

मावशींनी वाचलं, चहाचा घोट घेतला, पाटी परत दिली. "राग मानू नका बाई. हे बोलणं आम्ही तुमच्यापासून वाचायला काढलंय. ते तुम्हालाच शिकवलं, तर आमच्यापाशी राहिलं काय?"

सगळ्यांसमोर असं तोंडावर सांगितलेलं! पूर्वीच्या बाई असत्या तर छत खाली आलं असतं. या बाई पाटी काखेत मारून मुकाट्याने परत गेल्या, पण कान लालबुंद झाले होते.

"मग यावर पुस्तकात काय म्हटलंय?" रात्रीच्या जेवणाला नणंदबाईंनी विचारलं.

'पुस्तकात मावशी नाहीत,' बाईंनी लिहिलं. पण जेवता जेवता हातातला घास तसाच राहिला आणि त्या कसला तरी विचार करत बसल्या.

सकाळी रोलर तापून चालू झाला, सगळे आपापल्या जागी लागले, तेव्हा बाई दारात आल्या. कोपऱ्यातल्याचा हात तोंडाकडे जाणार, इतक्यात बाईंनीच आपला हात वर केला. चार बोटं नि अंगठा तोंडापाशी नेले, चांगली मोठी उघडझाप केली, आणि दुसऱ्या हाताने आपल्या छातीकडे बोट दाखवलं. भोंगा आला आहे हो.

कोपऱ्यातल्याने आधी मावशींकडे बघितलं. मग खोलीभर खांदे हलायला लागले. यंत्रांच्या आवाजात हसू ऐकू येत नव्हतं, नुसती दिसत होती उघडी तोंडं. मावशी तर पोट धरून चादरींच्या ढिगावरच बसल्या. चहाच्या वेळी त्या आपण होऊन आल्या, बाईंचं मनगट धरलं आणि त्यावर दोन बोटं आपटली. "ही ओली. करा बघू."

बाई काही हुशार विद्यार्थिनी नव्हत्या. एका सकाळी त्यांनी 'उचला'च्या जागी 'फाटकी' केलं आणि चांगल्या चादरींचा ढीगच्या ढीग चिंध्यांच्या टोपलीत गेला. "बाई, इस्पितळ बंद करायचंय का?" म्हणून दिवसभर सगळ्यांनी चिडवलं. पण बाईंच्या एक लक्षात आलं. या बोलण्यात चुकीला खुणा होत्या, धोक्याला होत्या, भोंग्यालाही होती. 'छान झालं' याला खूणच नव्हती. कधी लागलीच नव्हती ना! मग बाईंनी स्वतःच एक काढली. तळहात हवेतून सपाट फिरवायचा, नीट घातलेल्या चादरीवरून फिरवावा तसा. पहिल्यांदा ती मावशींना केली तेव्हा मावशींनी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी उभं आहे की काय म्हणून.

महिना संपला. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं बोलायला हरकत नाही, आवाज मात्र घोगराच राहील. बाईंनी मान डोलावली आणि पाटी घेऊनच कामावर गेल्या.

मॅनेजर आलाच. सोबत मेहुणा, आणि मेहुण्याच्या हातात बॅटरीवर चालणारा कर्णा. "बाई, मुदत संपली. मी बाहेरून जातो तर आतून कोणाचा आवाज नाही. मालक विचारतात, आत सुपरवायझर आहे की नाही?"

बाईंनी लिहिलं, 'चादरी बघा. परत किती येतात?'

"चादरींचं सोडा हो! डॉक्टरांनी परवानगी दिली ना? मग घ्या हा कर्णा आणि सगळ्यांना हाक मारून दाखवा. एकदाच. नाहीतर उद्यापासून इथे हा, आणि तुम्ही छाटणीवर."

एक हाक मारायची होती फक्त. बाईंनी कर्णा घेतला, इकडून तिकडून नीट बघितला आणि मळक्या कपड्यांच्या गाडीत टाकून दिला. अर्धं आयुष्य पणाला लागलं होतं, तरीसुद्धा.

"हा माज झाला!" मॅनेजर कडाडला. त्याने कर्णा उचलून मेहुण्याच्या हातात कोंबला. "दाखव रे कसं करायचं असतं!"

मेहुण्याने छाती भरून घेतली. "सर्वांनी इकडे लक्ष द्या!"

सर्वांनी दिलं. सगळ्या माना एकदम वर झाल्या, रोलरच्या तोंडाशी एक कड सुटली, चादर तिरकी आत शिरून गुंडाळत गेली आणि करपल्याचा वास सुटला. बाईंनी हवेत मूठ उगारली. मावशींनी रोलर बंद केला. मग पिळणारं थांबलं, धुणारं थांबलं, आणि त्या खोलीत अशी शांतता पसरली की नळाचं ठिबकणं ऐकू आलं.

"बंद करायला कोणी सांगितलं?" मॅनेजरने कर्णा हिसकावून घेतला. "चालू करा! बाहेर इस्पितळाची गाडी उभी आहे! ऐकू येत नाही का?"

ऐकू येत होतं. गल्लीच्या टोकापर्यंत येत असेल. पण कोणी जागचं हललं नाही. सगळे बाईंच्या हातांकडे बघत होते, आणि बाईंनी हातांची घडी घातली होती.

"बाई, सांगा त्यांना."

बाईंनी सावकाश घडी सोडली, पाटी घेतली. 'उद्यापासून इथे कोण?'

मॅनेजर लाल झाला, मग पिवळा पडला. मेहुण्यानेच त्याची बाही ओढली. "भावजी, मला नका हो अडकवू यात. मी नुसतं तोंड उघडलं तर चादर जळली."

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

"तुम्हीच, तुम्हीच!" मॅनेजर खेकसला. "आता करा चालू एकदाचं!"

बाईंनी बोट हवेत गोल फिरवलं. मावशींनी कळ दाबली आणि सगळी खोली पुन्हा घुमायला लागली. करपलेली चादर निघाली, नवी आत गेली, सरळ. मावशींनी पलीकडून बाईंकडे बघितलं आणि तळहात हवेतून सपाट फिरवला. बाईंचे डोळे भरून आले, आणि भरले तर भरले, त्यांनी लपवले नाहीत.

दारापाशी पोचलेला मॅनेजर मागे वळला आणि तिथेच थबकला. खोलीतला प्रत्येक जण त्याच्याकडे बघून तोंडापाशी बोटांची उघडझाप करत होता.

"हे काय चाललंय? काय म्हणतायत हे?"

महिन्याभरात पहिल्यांदाच बाईंनी तोंड उघडलं. आवाज इतका घोगरा नि बारीक निघाला की मॅनेजरला वाकून, कान त्यांच्या तोंडापाशी न्यावा लागला.

"माझं जुनं नाव आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "आजपासून तुम्हाला दिलं."