घोळनाथाचं गाढव

घोळनाथाला गणित यायचं नाही आणि त्याच्या गाढवाला यायचं. आमच्या शाळेतलं सगळं अंकगणित एवढ्यावर चालायचं.

शामकांत गुरुजी आम्हाला सातवीला होते. तिसगावच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला आमचं गाव, तिथे ते बदलून आले होते. हडकुळा माणूस, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, चावडीवर कुणी रामराम घातला तरी घाबरणारा. पण गणिताच्या तासाला हातात खडू आला की तो माणूस कुठल्या कुठे जायचा. फळ्यावर आधी एक लांबलचक नाक, त्यावर पटका, खाली मिशी, झाला घोळनाथ. मागे दोन उभे कान, झालं गाढव. मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजारच भरतो, त्यामुळे गाढवाचं आम्हाला काही अप्रूप नव्हतं. हुशार गाढव मात्र आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

अपूर्णांकांची बेरीज त्यांनी अशी शिकवली. घोळनाथाकडे अर्धी भाकरी आहे. बायकोने आणखी एक तृतीयांश वाढली. घोळनाथ हिशेब करतो: वरचे आकडे मिळव, खालचे आकडे मिळव, झाले दोन छेद पाच. मग तो भाकरीकडे बघतो. अर्धी होती, वर आणखी आली, आणि आता अर्धीपेक्षाही कमी! तो गाढवाकडे बघतो. भाकरीकडे बघतो. पुन्हा गाढवाकडे बघतो. इथे गुरुजी थांबायचे. खडू कानामागे लावून नुसते उभे राहायचे, आणि आमचे श्वास अडकायचे. मग गाढव बोलायचं, "धनी, मी न्हाई खाल्ली. तुमच्या बेरजेनं खाल्ली." वर्गात हशा फुटायचा. त्यानंतर छेद समान करायला आमच्यातलं कुणी विसरलं नाही.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावर गाढव पाहिलं. वर्गात विदूषकी चाळे चालतात असा मेमो आला, आणि यापुढे असं होणार नाही, असं गुरुजींना लेखी द्यावं लागलं. दिलं त्यांनी. पण तास सुरू झाला की दार लोटून घ्यायचे आणि एका मुलीला खिडकीत उभं करायचे. चाहूल लागली की गाढव पुसलं जायचं. खोडी काढणाऱ्या पोरासारखे हळूच हसायचे ते तेव्हा.

पुढे दुष्काळ पडला. बाप बैल घेऊन गुरांच्या छावणीवर गेला, आई आणि मी सरकारी कामावर खडी फोडायला. जमेल तेव्हा शाळा. रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, तीही मोजकीच. हातोडीचे दणके बसून बसून तळहात बधिर व्हायचे, आणि ते बधिरपण हळूहळू वर चढत गेलं असावं. गाय मेली तेव्हा आईने तिचं दावं सोडून खुंटीला अडकवलं आणि आम्ही दोघी कामावर गेलो. मी रडले नाही. रडायला हवं हेही सुचलं नाही. गुरुजींच्या तासाला वर्ग हसायचा तेव्हा मीही तोंड उघडायचे, कारण सगळ्यांनी उघडलेलं असायचं.

संगमनेरच्या एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. दुष्काळी भागातल्या सातवीच्या मुलींची परीक्षा घेऊन त्यातल्या थोड्याजणींना ते अकरावीपर्यंत फुकट ठेवून घेणार होते. राहायचं, शिकायचं आणि दोन वेळा जेवायचं. गुरुजींच्या डोळ्यांसमोर शिकणं होतं, आईच्या डोळ्यांसमोर जेवण. निवड झाली नाही तर मला खडी होतीच, आणि खडीनंतर कुणाचं तरी घर.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गुरुजींनी बसणाऱ्या मुलींना बजावलं होतं, घोळनाथ डोक्यात ठेवा, पेपरात काढू नका. मी त्या दिवशी कामावर होते. मला कुणी काही सांगितलं नाही.

पहिलंच गणित अपूर्णांकाचं आलं. मी समासात बोटाएवढा घोळनाथ काढला, त्याच्या तोंडी चुकीचं उत्तर घातलं, मागे कान काढले आणि मग खाली बरोबर उत्तर लिहिलं. पाटीवर आम्ही हेच करायचो. आधी घोळनाथ काय म्हणेल ते लिहून टाकायचं, म्हणजे ती चूक त्याच्या वाट्याला जाते, आपल्या नाही.

पेपरांवर नावं नव्हती, नुसते नंबर. तपासायला त्या भागातलेच मास्तर, त्यांत आमचे गुरुजीही होते. माझा पेपर दुसऱ्याच्या हातात पडला आणि त्याने वर कळवलं की समासात खूण आहे. गाढवाच्या मेमोची गोष्ट त्या भागातल्या सगळ्या मास्तरांना ठाऊक होती, तेव्हा आपल्या शाळेची मुलगी ओळखू यावी म्हणून शामकांत गुरुजींनीच ती शिकवून ठेवली असणार, असं त्याचं म्हणणं. शंका घेणाऱ्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही घेतली असती.

आम्हाला नगरला बोलावणं आलं. आई धुवट लुगडं नेसली आणि आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. संस्थेच्या तिथल्या कचेरीत गुरुजी आधीच येऊन बसले होते. टेबलामागे संस्थेच्या सुचित्राबाई आणि एक चष्मेवाले गृहस्थ. टेबलावर माझा पेपर.

"हे काय आहे?" सुचित्राबाईंनी विचारलं.

"घोळनाथ हाय," मी म्हणाले.

"गुरुजी, तुम्ही वर्गात अशी चित्रं काढता?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "मी पुस्तकाप्रमाणे शिकवतो."

"मग ही मुलगी कुठून शिकली?"

"मला कल्पना नाही. पोरं काहीबाही काढत असतात."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते स्वतःच्या चपलांकडे पाहत होते. आई काहीतरी बोलणार होती, पण एवढ्या मोठ्या टेबलासमोर तिचं तोंड उघडलं नाही. मला राग आला नाही की वाईट वाटलं नाही. शेजारणीच्या पाटीवर चुकलेलं गणित दिसावं आणि आपण गप्प बसावं, तशी मी बसले होते.

"हे बघ मुली," चष्मेवाले म्हणाले, "या चित्राचा गणिताशी काही संबंध असेल तर सांग. नाहीतर आम्हाला ही खूणच धरावी लागेल, आणि मग तुझा पेपर रद्द."

मी उभी राहिले. मला दुसरं काही येतच नव्हतं म्हणून मी आपली सांगायला लागले. घोळनाथाकडं येक बोलनारं गाढव हाय, आन् अर्धी भाकर हाय. बायकूनं येक तृतीयांश वाढली. त्यानं वरचं वर मिळवलं, खालचं खाली मिळवलं. सांगता सांगता माझा हात आपोआप हवेत आकडे काढायला लागला. आवाज माझाच होता, पण चाल गुरुजींची होती, त्यांचं नाक ओढणंसुद्धा आलं मधेच. घोळनाथ भाकरीकडं बघतुया. गाढवाकडं बघतुया. भाकरीकडं बघतुया. पुन्यांदा गाढवाकडं.

आणि मी थांबले. गुरुजी थांबायचे तिथेच.

सुचित्राबाई माझ्याकडे पाहत होत्या. आणि तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूने फुस्स करून हसू फुटलं. गुरुजींनी तोंडावर हात दाबला, पण खांदे हलत होते.

सुचित्राबाईंनी मान वळवली. "गुरुजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "गाढव अजून बोललेलं नाही."

गुरुजींचे खांदे हलायचे थांबले. हात मात्र तोंडावर तसाच राहिला. पुढचं आधीच ठाऊक असणाराच इथे हसेल, हे चष्मेवाल्यांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मीच शिकवतो असं," गुरुजी म्हणाले. "दार लावून. पण खूण म्हणून नाही. पेपरात काढू नका असं मी बजावलं होतं. ही त्या दिवशी खडीवर होती."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

गुरुजींनी शर्टाची वरची गुंडी चाचपली. सुचित्राबाई माझ्याकडे वळल्या. "काय म्हणालं मग गाढव?"

मी सांगितलं. कुणीच हसलं नाही.

मला बाहेर बसवलं नाही की काही नाही, तिथल्या तिथे निकाल लागला. माझे मार्क राहणार होते आणि त्या मार्कांवर माझी निवड झालेली होती. गुरुजींबद्दल मात्र त्यांच्या वरच्यांना कळवावं लागेल, असं चष्मेवाले म्हणाले. लेखी देऊनही पुन्हा तेच केलं आणि वर खोटं बोलले, दोन्ही लिहावं लागेल. गुरुजींनी मान हलवली. आईने सगळ्यांना हात जोडले, कुणाला कशाबद्दल ते तिलाही माहीत नसावं. मला संगमनेर मिळालं होतं, आणि आनंद व्हावा म्हणून मी वाट पाहत होते. तो आला नाही.

परतीच्या गाडीत गुरुजी आमच्या समोरच्या बाकावर होते. गाडी नगर सोडून बरीच पुढे आली. शेवटी आईच पुढे वाकली.

"गुरुजी, पोरीसाठी मुद्दाम हसलात व्हय?"

हो म्हणाले असते तर आईने जन्मभर त्यांचं नाव घेतलं असतं. मीही घेतलं असतं.

"नाही बनुबाई," ते म्हणाले. "मुद्दाम हसायची हिंमत असती तर आधी खोटं कशाला बोललो असतो? आलंच हसू. आवरलं नाही." मग ते माझ्याकडे वळले आणि तासाला असायचा तसा त्यांचा चेहरा झाला. "चांगुणा, थांबलीस मात्र अगदी बरोबर. तिथे तेवढंच थांबायला शिकायला मला दोन वर्षं लागली."

शाबासकी होती ती. मनापासूनची. आणि ती ऐकली तशी माझ्या पायापासून काहीतरी वर आलं. आधी मला कळलंच नाही की हा राग आहे. इतक्या दिवसांत मला काही वाटलंच नव्हतं, आणि आता वाटलं ते ज्या एका माणसामुळे मला शाळा आवडायची त्याच्याबद्दल.

"गुरुजी," मी म्हणाले, "तुमी मला सोडून दिलं हुतं."

आईने माझा दंड धरला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. आमच्यासारखं ते कधीच बोलत नसत.

मग ते खिडकीबाहेर पाहत बसले. मी आईच्या मांडीत तोंड खुपसलं आणि करंजीचा घाट उतरून संपेपर्यंत रडत राहिले, त्यांच्यासाठी, गाईसाठी आणि सगळ्या वर्षासाठी.