खोल काप

बावीस वर्षं झाली मला या लॅबमध्ये. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीतून येतो, मेणाच्या ठोकळ्यात बसतो, मग मी त्याचे केसाहून पातळ काप काढते. काप कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि काचेवर अलगद उचलायचा. एका पेशंटचं झालं की पाण्यावरून कागद फिरवायचा, नाहीतर याचा कण त्याच्या काचेवर चढतो. कागद विसरणाऱ्यांची मी सगळ्यांदेखत खरडपट्टी काढलीय.

मंगळवारी धाकट्या बहिणीच्या छातीतल्या गाठीचा ठोकळा आला. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला जीव होईना, म्हणून मीच कापला.

बुधवारी काचा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. "गाठ तशी साधी दिसतेय. पण कडेला एक कण आहे, तो कॅन्सरचा आहे. हिच्या आधी काय कापलंत?"

"कॅन्सरचीच गाठ होती."

"मधे पाणी पुसलंत?"

आठवेना. खरंच आठवेना. पुसलं नसेल तर तो कण दुसऱ्या बाईचा, आणि बहीण सुटली.

"नसेल पुसलं," मी म्हणाले. ज्या चुकीवरून लोकांना रडवलं, ती माझ्याच हातून झालेली असू दे म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

"त्याच ठोकळ्याचे आणखी खोल काप काढा. कण पाण्यातला असेल तर आता दिसणार नाही."

भांडं घासलं, पाणी बदललं, नवं पातं लावलं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"आलं का गं काही? तुझ्या हाताखालून गेलंय म्हणून मी निवांत आहे बघ. तुझ्यासारखी खडूस बाई चुकायची नाही."

"कामात आहे," म्हणून मी ठेवून दिला. मला तिचा रागच आला.

खोल काप काढले, त्यांना रंग चढला तशी काच बाईंकडे नेली. बाईंनी ती मायक्रोस्कोपखाली सरकवून पाहिली. मग उठून त्यांनी मला आपली खुर्ची दिली.

कण गेला नव्हता. खोल कापलं तसा तो वाढला होता आणि गाठीच्या आत हातपाय पसरून बसला होता.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," बाई हळूच म्हणाल्या. इतकं वाईट मला आजवर कुणी बोललं नव्हतं.

बाहेर येऊन मी बहिणीला फोन लावला. "पोरांना शेजारी सोड. मी घरी येतेय."



"ताई," ती म्हणाली, "तू कधी दुपारची येत नाहीस."